लिटल हॅडनला कपडे चढवण्याचा प्रकल्प

ॲरिझोना राज्यातल्या चँडलर इथे सन २००३पर्यंत मराठी नाटकाला पडदा नव्हता. पडद्याचं काम गॅरेजचं दार करत असे. मरुभूमी महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष श्रीरंगकाका यांच्या तीन गाड्यांच्या गॅरेजमध्ये दिवाळीचं नाटक होई. प्रेक्षक बाहेर ड्राइव्हवेच्या उतारावर घडीच्या खुर्च्या मांडून बसत, त्यामुळे तिसऱ्या प्रवेशापर्यंत पहिली रांग दुसरीत गेलेली असे. काका खिशातला रिमोट दाबत, दार वर जाई आणि नाटक सुरू होई.

मागच्या दिवाळीत नायक मरत असताना शेजारच्या गृहस्थांनी आपलं गॅरेज बंद केलं. दोन्ही रिमोटांची फ्रिक्वेन्सी एकच निघाल्यामुळे मंडळाचंही दार खाली आलं. नायक आतल्या आत मेला. प्रेक्षकांना फक्त आवाज ऐकू आले. नंतर जेवताना सगळ्यांचं एकमत झालं, की नाटकातला तोच भाग सर्वांत परिणामकारक होता.

ते नाटक लिहिणाऱ्या सिद्धेशला हे मत फार लागलं. सिद्धेश मूळचा पुण्याचा, पदार्थविज्ञानाचा पदवीधर आणि इथल्या एका चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होता. मंडळाचा सचिवही तोच, कारण निवडणुकीच्या दिवशी तो उशिरा आला. त्याने नवी एकांकिका लिहिली होती, ‘फ्रिज आत येत नाही’. नवं जोडपं मोठा फ्रिज घेतं, तो दारातून आत जात नाही, आणि फ्रिजच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको असा संसार जिन्यावर सुरू होतो. शेवटच्या वाक्यावर पडदा पडायला हवा होता. खराखुरा, जड, लाल मखमली पडदा. असा पडदा त्या भागात एकाच ठिकाणी होता, वाचनालयाच्या सभागृहात.

सभागृह स्थानिक संस्थांना वर्षभर फुकट मिळत असे. अट एकच. प्रत्येक संस्थेने ‘जगाचा पडदा’ या उपक्रमात दुसऱ्या देशाचा एक जुना चित्रपट लोकांना सादर करायचा. त्यामुळे परस्परसामंजस्य वाढतं, असं ग्रंथपाल मिसेस विल्क्स यांचं मत होतं. चित्रपट चिठ्ठी काढून ठरे. तो संपूर्ण दाखवला गेला पाहिजे, आणि सभागृह किमान अर्धं भरलं पाहिजे.

“तुमच्या समाजाला सोयीची अशी आवृत्ती तुम्ही तयार करू शकता,” मिसेस विल्क्स म्हणाल्या. “मागच्या वर्षी कोरियन चर्चने ब्राझीलच्या चित्रपटाला फार सुंदर भाषांतर जोडलं होतं.”

सिद्धेशने बरणीत हात घातला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सनशाइन ॲट लिटल हॅडन’, ब्रिटन, १९५७. त्याला हायसं वाटलं. ब्रिटन म्हणजे चहा, रेल्वेचं स्टेशन आणि फार तर एखादा खून. मंडळाला झेपण्यासारखं होतं.

मंडळात कुठलीही गोष्ट सभासदांना दाखवण्याआधी परिनिरीक्षण समितीने पाहायची, असा नियम आहे. समितीत श्रीरंगकाका, त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू, कोषाध्यक्ष अतुल आणि सचिव सिद्धेश असे चौघे होते. अतुल गेल्या निवडणुकीत काकांविरुद्ध उभा राहून पडला होता. त्याला समितीत घेतलं होतं ते तो डोळ्यांसमोर राहावा म्हणून. चौघे काकांच्या घरी चिवडा घेऊन बसले आणि चित्रपट सुरू झाला.

लंडनची एक टायपिस्ट, मार्गारेट, सदा फिकुटलेली. डॉक्टर तिला मोकळ्या हवेत जायला सांगतो. ती बसने लिटल हॅडन नावाच्या खेड्यात जाते. कुंपणाचं एक फाटक उघडतं. आत एक क्लब असतो, आणि क्लबात तिशी-पस्तिशीतले पुष्कळ स्त्री-पुरुष व्हॉलीबॉल खेळत असतात. त्यांच्या अंगावर काहीही नसतं.

चिवडा खाण्याचा आवाज थांबला.

“पुढे घे,” काका म्हणाले.

सिद्धेशने पुढे घेतलं. पुढे तेच लोक चहा पीत होते.

“आणखी पुढे.”

आणखी पुढे तेच लोक धनुर्विद्या शिकत होते.

“इतकं पुढे नको,” मीनाक्षीकाकू म्हणाल्या. “मागे घे जरा. ती किटली मला नीट दिसली नाही.”

शास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे सिद्धेशने दुसऱ्याच दिवशी या प्रकाराचं वाचन केलं. त्याला कळलं, की त्या काळच्या ब्रिटनमध्ये पडद्यावर विवस्त्र माणूस दाखवणं अश्लील समजत. मात्र तोच माणूस आरोग्यासाठी, रीतसर क्लबात, उघड्यावर विवस्त्र बसलेला असेल, तर सेन्सॉर विचार करत असे. त्यामुळे असे बरेच चित्रपट निघाले. ते सगळे ज्ञानवर्धक होते. एक गंभीर आवाज सबंध वेळ सूर्यकिरणांचे फायदे सांगे, आणि ते फायदे समजून घ्यायला रेनकोट घातलेले गृहस्थ शहराशहरांत रांगा लावत. प्रत्येक दृश्यात काहीतरी मध्ये येत असे. चेंडू, वर्तमानपत्र, नेचं, चहाचा ट्रे. ‘लिटल हॅडन’मध्ये एक कुत्रा होता, त्याची बसण्याची जागा फार विचारपूर्वक ठरवलेली होती. चित्रपट सूर्यप्रकाशावर असला, तरी इंग्लंडचा उन्हाळा असल्यामुळे सूर्य त्यात जेमतेम दिसे, आणि सगळ्या आरोग्यवंतांच्या अंगावर काटा आलेला असे.

समितीचा अहवाल तयार झाला. त्यात म्हटलं होतं, “चित्रपट स्वच्छ, बोधप्रद व निर्व्यसनी आहे. आक्षेपार्ह बाब एकच, ती म्हणजे त्यातली माणसं.” सबब माणसं वगळावीत, अशी शिफारस होती. सिद्धेशने माणसं वगळून पाहिली. बसचा प्रवास, फाटक आणि कुत्रा एवढंच उरलं, आणि तेही कुत्रा फाटकाकडे वळेपर्यंतच.

“संपूर्ण चित्रपट,” मिसेस विल्क्स फोनवर म्हणाल्या. “कुत्रा गोड आहे, पण अट ती अट.”

“मग आपण नाहीच म्हणून कळवू,” अतुल म्हणाला. “गॅरेज आहेच की.”

“आपण कशाला?” काका म्हणाले. “गॅरेज माझं आहे.”

सिद्धेशच्या डोळ्यांपुढे ते दार खाली आलं. तो घाईने म्हणाला, “काका, माणसं काढता येत नसतील, तर त्यांना कपडे घालता येतील.”

त्या खोलीतल्या बहुतेकांचं आयुष्य सॉफ्टवेअरवर चाललं होतं, त्यामुळे हे कुणाला विचित्र वाटलं नाही. उलट आपण काहीतरी करू शकतो याचा आनंद झाला. पुण्याला सिद्धेशचा मामेभाऊ कुशल याने नुकतीच ॲनिमेशनची कंपनी काढली होती. तिच्यात सहा जण होते आणि अमेरिकेतला एकही क्लायंट नव्हता. मंडळ हे अमेरिकेतलं असल्यामुळे क्लायंट ठरलं. कुशल फुकट काम करणार आणि मंडळाने आपलं नाव त्याच्या वेबसाइटवर वापरू द्यायचं, असा करार झाला.

दर शनिवारी सकाळी कॉल होऊ लागला. तिकडे संध्याकाळ असे.

“गुड मॉर्निंग सर,” कुशल म्हणे.

“कुश्या, सर काय म्हणतोस? मी दादा आहे तुझा.”

“सर, टीम ऐकतेय,” कुशल हळूच म्हणे. “क्लायंटला दादा म्हटलं तर उद्या सगळे सुट्टी मागतील.”

पहिला प्रश्न अर्थात कपडे कुठले, हा होता. अतुलचं म्हणणं, इंग्रजांना इंग्रजी कपडे घालावेत. मीनाक्षीकाकूंनी विचारलं, की मग मंडळाने सादर केला असं त्यात दिसणार काय? आपलं म्हणून काही नको का? ठराव झाला: बायकांना साडी, पुरुषांना झब्बा. व्हॉलीबॉल खेळताना पदर खोचलेला असावा. पोहण्याच्या दृश्यावर चर्चा लांबली. साडी भिजली तर आक्षेपार्ह होते, यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि हे सगळ्यांना कसं ठाऊक, हे कुणीच विचारलं नाही. शेवटी पुण्याला लेखी सूचना गेली, की तलावात पाणी असलं, तरी साडी कोरडी ठेवावी.

“सर, ते फिजिक्सच्या विरुद्ध जाईल,” कुशल म्हणाला.

“माहितेय रे,” सिद्धेश म्हणाला. त्याचं एम.एस्सी. त्याच विषयात झालं होतं. “समितीचा निर्णय आहे.”

पावसाळाभर पुण्यातली सहा माणसं लिटल हॅडनच्या लोकांना एकेक चित्र करून साड्या नेसवत होती. ऑगस्टच्या अखेरीस डिस्क आली. या खेपेला समिती विस्तारित होती, कारण महिला विभागाच्या लताकाकू म्हणाल्या, की साड्यांचा प्रश्न आहे, तेव्हा आम्हाला डावलून चालणार नाही. काकांच्या खोलीत जिन्यापर्यंत माणसं बसली.

चित्रपट सुरू झाला. फाटक उघडलं. मार्गारेट जांभळी पैठणी नेसून आत आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झाडाखाली रॉजर नावाचा उमदा नायक मरून रंगाच्या झब्ब्यात उभा होता. व्हॉलीबॉल झाला. कोरडं पोहणं झालं. मग ते दृश्य आलं, ज्याला समितीने पूर्वी ‘वैद्यकीय’ म्हणून हरकत घेतली नव्हती. ऊन लागू नये म्हणून रॉजर मार्गारेटच्या खांद्याला तेल लावतो, आणि गंभीर आवाज तेलाचे गुणधर्म सांगतो. तेल मुकाट्याने पैठणीवरून लागलं.

“थांबव,” श्रीरंगकाका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “अतुल, हा झब्बा तुझा आहे.”

“झब्बा असेल माझा,” अतुल म्हणाला. “हात माझे नाहीत.”

“आणि पैठणी माझी आहे,” मीनाक्षीकाकू म्हणाल्या.

“अगं, तुझी कशी? बाई इंग्लंडची आहे.”

“चेहरा कुणाचा का असेना. पदरावरचा तिसरा पोपट मान वाकडी करून बसलाय, येवल्याहून आणली तेव्हापासून. पैठणी माझी आहे.”

“माझी नारायणपेठ बघा की,” मागून लताकाकू म्हणाल्या. “सबंध सिनेमाभर मला झाडामागे ठेवलंय.”

“तुम्हाला नाही हो, साडीला,” सिद्धेश म्हणाला.

“तेच ते!”

पुण्याला ताबडतोब फोन लावला. कुशल निर्मळ आवाजात म्हणाला, “सर, कापडाचे नमुने हवे होते. तुमच्या वेबसाइटवर संक्रांतीचा अल्बम आहे ना, त्यातूनच घेतले. एकदम ऑथेंटिक. आवडले का?”

सोमवारपर्यंत इंडियन ग्रोसरीत ही बातमी पोचली होती, की मीनाक्षीकाकू आणि अतुल एका इंग्रजी सिनेमात एकत्र दिसतात आणि तो सिनेमा तसला आहे. श्रीरंगकाकांनी अतुलशी बोलणं टाकलं. अतुलने कोषाध्यक्षपदाचा राजीनामा दिला, पण चेकबुक दिलं नाही. मराठी मंडळ फुटायला एरवी नाट्यगीतांचा कार्यक्रम पुरतो. इथे तर पैठणी होती. दोन मंडळं झाली असती, तर कुठल्याच मंडळाला वाचनालयाचं सभागृह अर्धं भरता आलं नसतं. सिद्धेशला लाल मखमल लांब जाताना दिसू लागली.

“याच्यापेक्षा आधीचं बरं होतं,” काका एकदा हताशपणे म्हणाले. “आधी निदान ओळखीचं कुणी नव्हतं.”

“मग कपडे काढून टाकू का?” सिद्धेशने आशेने विचारलं.

“छे! आता लोक म्हणतील, मीनाक्षीचे काढले.”

घरी प्रणिता, सिद्धेशची बायको, फ्रिजमागच्या बायकोची भूमिका पाठ करत होती. ती म्हणाली, “तुमच्या समितीकडे असं कुठलंच कापड नाही का, की ज्यात कोण आहे ते कळत नाही?”

 असं कापड सिद्धेश रोज घालत होता.

चिपच्या कारखान्यात आत जाताना बनी सूट घालावा लागतो. माणसाच्या अंगावरची धूळ चिपवर पडू नये, म्हणून टाचेपासून टाळूपर्यंत एकसंध पांढरा पोशाख, वर टोपडं, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातमोजे. आत बाई, पुरुष, काळा, गोरा, सुखी, दुःखी काहीही कळत नाही. सिद्धेश ज्या सहकाऱ्याला दोन वर्षं ‘डेव्ह’ समजत होता, तो सुट्टीच्या पार्टीत स्कर्ट घालून आला, तेव्हा ती डॉना निघाली. संक्रांतीच्या अल्बमशी या पोशाखाचा कसलाही संबंध नव्हता. कुठल्याही धर्माला, जातीला, सासूला त्यावर हरकत घेता आली नसती.

समितीने सूचना एकमताने मंजूर केली. कुशलही खूश झाला, कारण आता एकच कपडा शिवून सगळ्यांना चढवायचा होता. नवी डिस्क पाहिल्यावर काकांनी शेरा दिला, “इतका स्वच्छ चित्रपट मी आयुष्यात पाहिला नाही.” तेल लावण्याच्या दृश्यात एक पांढरी आकृती दुसऱ्या पांढऱ्या आकृतीला पुसते आहे, एवढंच दिसत होतं. काकांनी अतुलला चिवडा दिला. अतुलने चेकबुक दिलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात खेळ ठेवला. सिद्धेशला अर्ध्या सभागृहाची काळजी होती. प्रत्यक्षात मंडळाचे सगळे सभासद आले, त्यांचे पाहुणे आले, शंभर मैलांवरच्या टुसॉनहून दोन गाड्या आल्या. प्रत्येकाला कारण होतं. कुणी कुशलचं तंत्रज्ञान पाहायला आलं होतं, कुणाला ब्रिटिश इतिहासात रस होता. एका काकांना कपडे सगळीकडे नीट बसलेत ना, याची खात्री करायची होती. त्यांनी दुर्बीण आणली होती. लताकाकू म्हणाल्या, “मी फक्त झाडामागे कोण आहे ते बघणार.” नव्या मुलांपैकी शंतनूला एवढंच विचारायचं होतं, “यार, सॉफ्टवेअर कुठे कुठे चुकतं का?” पुढच्या दोन रांगांत अमेरिकन निवृत्त मंडळी होती. ती ‘जगाचा पडदा’ कधीच चुकवत नसत.

दिवे गेले. लाल पडदा संथ, जड, भरदार सरकला. सिद्धेशने डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला.

मार्गारेट बसमधून उतरली. फाटक उघडलं. आत पांढऱ्या झग्यांत, तोंड झाकलेली, डोळ्यांना चष्मे लावलेली माणसं एका गोल वस्तूकडे धावत होती. गंभीर आवाज म्हणाला, “पाहा, इथे त्वचा कशी मुक्तपणे श्वास घेते आहे.” पांढऱ्या आकृत्यांनी ती गोल वस्तू जाळीपलीकडे फेकली. एक आकृती झुडपांवर रबरी नळीने काहीतरी फवारू लागली. दुसरी मास्कवरून चहा पिऊ लागली. कुत्रा त्यांच्याकडे पाहून भुंकला. त्याला कपडे घातले नव्हते.

दुसऱ्या रांगेतला एक म्हातारा गृहस्थ उठून बाहेर गेला. दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत टपालातून अँथ्रॅक्सची विषारी पूड आली होती, तेव्हापासून त्या देशात पांढरे सूट आणि मास्क घातलेली माणसं पाहिली, की कुठे कळवायचं, याचे फलक जागोजागी लावलेले होते. त्याने कळवलं.

ऑफिसर रामिरेझ आले तेव्हा लिटल हॅडनमध्ये सामुदायिक व्यायाम चालू होता. दिवे लागले. ऑफिसर तरुण होते आणि अतिशय अदबीने बोलत होते.

“सर, हे लोक कोण आहेत?”

“इंग्लंडचे नागरिक,” श्रीरंगकाका म्हणाले.

“त्यांनी चेहरे का झाकलेत?”

“सभ्यतेसाठी.”

“त्या नळीत काय होतं?”

“पाणी.”

“आणि गोळ्यात?”

“हवा,” सिद्धेश म्हणाला. “ऑफिसर, आत साधी माणसं आहेत. आम्हीच त्यांना झाकलंय.”

ऑफिसरांनी वही बंद केली. “मला एवढंच खात्रीने लिहायचंय, की या सूटांच्या आत कुणी काही लपवलेलं नाही. ते दाखवायची काही सोय आहे का?”

मिसेस विल्क्स शांतपणे म्हणाल्या, “सोय आहे. मूळ प्रत माझ्या कपाटात आहे.”

श्रीरंगकाका उभे राहिले. सभागृह त्यांच्याकडे पाहत होतं. इतक्या लोकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे आशेने पाहिल्याचा मंडळाच्या इतिहासात हा पहिला प्रसंग. काका म्हणाले, “सभासदहो, आपण या देशाचे पाहुणे आहोत. काही जण अजून व्हिसावर आहेत. पोलिसांच्या तपासात सहकार्य करणं आपलं कर्तव्य आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं.”

कुणी उठलं नाही. टुसॉनवाले एक रांग पुढे सरकले.

“पंचनामा म्हणजे पंच हवेतच,” अतुल म्हणाला, आणि काकांच्या शेजारी जाऊन बसला.

मूळ प्रत पहिल्या दृश्यापासून लावण्यात आली. तपासात कसूर राहू नये, म्हणून ती शेवटपर्यंत पाहण्यात आली.

दिवे लागल्यावर ऑफिसर रामिरेझ यांनी लिहिलं, की कुणाकडे काहीही लपवलेलं आढळलं नाही. टाळ्या थांबेनात. मीनाक्षीकाकू म्हणाल्या, “किटली साधीच होती गं. मी उगाच इतके दिवस…”

मिसेस विल्क्सनी मंडळाला प्रमाणपत्र दिलं. चित्रपट संपूर्ण दाखवला गेला होता, सभागृह पूर्ण भरलं होतं, आणि परस्परसामंजस्य उपक्रमाच्या सुरुवातीपासून कधी नव्हतं इतकं वाढलं होतं. सभागृह वर्षभर मंडळाचं झालं.

इथे ही हकिकत संपायला हरकत नव्हती. सिद्धेशला पडदा मिळाला. फक्त दिवाळीच्या कार्यक्रमाला कोण कोण येणार म्हणून त्याने ईमेल पाठवली, तेव्हा उत्तरं आली ती स्वयंपाक करणाऱ्यांची आणि नाटकात काम करणाऱ्यांची. बाकीच्यांना त्या दिवशी काही ना काही होतं.

“नाटकात आहे काय?” ग्रोसरीत एकाने मोकळेपणाने विचारलं.

“फ्रिज,” सिद्धेश म्हणाला.

“बरं. आणि?”

प्रणिता त्याला घरी म्हणाली, “पडदा आहे, पण बघायला कुणी नाही. गॅरेजमध्ये निदान शेजारी तरी यायचा. तू काकांकडे जा. समितीला म्हणावं, काहीतरी वगळा.”

सिद्धेश गेला. “काका, माझ्या नाटकातलं काहीतरी काढा.”

काकांनी संहिता पुन्हा चाळली. “अरे, पण आक्षेपार्ह काहीच नाही यात.”

“तेच तर!”

काका मंडळाचे अध्यक्ष उगाच झाले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. “खोटं छापता येणार नाही हं. तू एक प्रसंग जास्तीचा लिहून आण, मग बघू.”

सिद्धेशने त्याच दिवशी एक प्रसंग लिहिला. त्यात नायक जिन्यावर बसून थंड पोळी खातो. समितीने तो रीतसर वाचला आणि वगळला. दुसऱ्या दिवशी ईमेल गेली: ‘फ्रिज आत येत नाही’. यातला एक प्रसंग परिनिरीक्षण समितीने वगळला आहे. मुलांना आणायचं की नाही, ते पालकांनी ठरवावं.

मुलांसकट सगळे आले. टुसॉनहून चार गाड्या आल्या. ऑफिसर रामिरेझ साध्या कपड्यांत तिसऱ्या रांगेत होते. चाळीस मिनिटं सभागृहात कुणी खोकलं नाही; प्रत्येक वाक्यानंतर लोक पुढे झुकून वाट पाहत होते. प्रणिताने शेवटचं वाक्य म्हटलं आणि लाल पडदा पडला. अगदी तिथेच, जिथे सिद्धेशला हवा होता. टाळ्यांच्या कडकडाटात तो पडद्यामागे फ्रिजला धरून उभा राहिला आणि रडला.

जेवताना एकच विषय होता. शंतनूच्या मते तो प्रसंग फ्रिजचं दार उघडतं, तिथला. लताकाकूंना खात्री होती, की तो फ्रिजमागे घडतो. मिसेस विल्क्सना मराठी येत नाही, तरी त्या म्हणाल्या, की तिथे काहीतरी होतं हे त्यांना जाणवलं. आणि सगळ्यांचं एकमत झालं, की नाटकातला तोच भाग सर्वांत परिणामकारक होता.

ही हकिकत छापायला देण्यापूर्वी मंडळाच्या समितीकडून रीतसर तपासून घेतली आहे. समितीने एकच परिच्छेद काढला. तो मूळ प्रतीविषयी होता, बराच तपशीलवार होता, आणि सुज्ञ वाचकांना त्याची गरज नाही असं समितीचं मत पडलं. आपण इथवर केवळ सार्वजनिक संस्थांच्या कारभाराविषयीच्या आस्थेने आलात, याबद्दल समितीला शंका नाही. तरीही तो कुठून काढला, हे पाहायला मागे वळलेल्यांनी कृपया रांगेने जावं. मंडळाचे सभासद आधीपासून उभे आहेत, आणि दुर्बीण एकच आहे.